ऑस्टिनला जागा नाही

भागोजी पडवळानं उभ्या जन्मात एकही गुन्हा केला नव्हता, आणि नेमक्या त्याच कारणानं त्याला पोलिसांची फार भीती वाटायची. मुंबईत कोटातल्या एका इंग्रज साहेबाकडं तो तीस वर्षं ड्रायव्हर होता. तेवढ्या वर्षांत त्याच्या नावावर एक चलान नव्हतं. बाकीचे ड्रायव्हर चौकीत जाऊन, फौजदाराला सलाम ठोकून, विडी ओढत परत यायचे. भागोजीला नुसतं चौकीच्या दारावरून जायचं म्हटलं तरी तळहाताला घाम सुटायचा. आजवर डाग पडला नाही, आता पडला तर केवढा दिसेल, ही त्याची धास्ती.

स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या वर्षी साहेब विलायतेला निघाला. नवी गाडी त्यानं विकली. जुनी काळी ऑस्टिन, चौतीस सालची, तिला कुणी गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा कागद करून त्यानं ती भागोजीच्या नावावर केली. भागोजीनं गाडी भाऊच्या धक्क्यावर पडावात चढवली, रेवसला उतरवली आणि खारपेठेला आपल्या घरासमोर आणून उभी केली.

खारपेठ म्हणजे कुलाबा जिल्ह्यातलं लहानसं बंदराचं गाव. एक बाजाराचा रस्ता, दोन्ही अंगांना बोळ, बोळांतून कौलांची आणि पेंढ्याची घरं. गावात मोटार अशी एकच, भागोजीची. लेक लग्न होऊन गेलेली, घरात तो आणि बायको मनुबाई. रोज सकाळी तो ओल्या फडक्यानं गाडी पुसायचा, मग कोरड्या फडक्यानं पुसायचा. कुणाच्या बाळंतिणीला अलिबागच्या दवाखान्यात न्यायचं असलं की लोक "डायवरमामा" म्हणून हाक मारत यायचे आणि हा लगेच हँडल मारून निघायचा. दहा वर्षं असं सुखात चाललं.

मग अठ्ठावन्न साली, दिवाळी उलटल्यावर, सदू दवंडीवाला डफ वाजवत बाजारातून फिरला.

"ऐका हो ऐका! पेठेच्या रस्त्यावर मोटार, लॉरी, खटारा उभा ऱ्हायला तर नगरपालिका जप्त करील आन् कोंडवाड्यात घालील हो!"

मोकाट गुरं डांबायच्या कोंडवाड्याखेरीज खारपेठेत जप्तीच्या मालाला दुसरी जागा नव्हती. लोक हसले. म्हशींच्या रांगेत ऑस्टिन बांधलेली त्यांना डोळ्यांसमोर दिसली. भागोजी मात्र हसला नाही. हातातलं फडकं तसंच ठेवून तो घरात गेला आणि टोपी घालून नगरपालिकेच्या कचेरीत हजर झाला.

हेडक्लार्क टिपणीस भला माणूस होता. त्यानं भागोजीला बाकावर बसवलं.

"गाडी रस्त्यावर नको, पडवळ. घराच्या आवारात घ्या."

"घेतो की सायेब. परड्यात पेंढ्याची पडवी हाय, तिच्यात मावंल."

"पेंढ्याखाली? छे छे. आगीचा नियम आहे. पक्की शेड पाहिजे, पत्र्याची नाहीतर कौलांची."

"मग पत्रा घालतो."

"शेडला परवानगी लागेल. आणि मोटारीच्या शेडला परवानगी द्यायची तर बोळ दहा फुटांचा पाहिजे. तुमचा केवढा आहे?"

बोळ आठ फुटांचा होता. ऑस्टिन त्यातून अंग चोरून जायची.

"मग उघड्यावर ठिवतो, परड्यात."

"शेजारच्या घरांवर पेंढा आहे ना? मग उघड्यावर पेट्रोलची गाडी ठेवता येणार नाही. तो जुना नियम आहे, इंग्रजांच्या वेळचा."

"पण सायेब, नवा नियम म्हणतो रस्त्यावरनं आत घ्या आन् जुना म्हणतो आत घेऊ नका. दोन्ही चालू हायती का?"

टिपणीसानं चष्मा काढून पुसला. "जुना रद्द झाल्याचं पत्र आलेलं नाही. नवा लागू झाल्याचं आलंय," तो म्हणाला. मग भागोजीचं तोंड बघून त्याला दया आली. "हद्दीबाहेर कुठं ठेवता येते का बघा. तिथं आमचा नियम नाही. फक्त पेट्रोलची वर्दी मामलेदार कचेरीत द्यावी लागेल बहुतेक."

त्या 'बहुतेक'नं भागोजीची झोप घालवली. मामलेदार कचेरीत तो गेला तर तिथल्या कारकुनानं सांगितलं, की गाडीच्या टाकीतल्या पेट्रोलची वर्दी ते घेत नाहीत, पोलिसांकडं जा. पोलिसांकडं जायचं भागोजीच्या पायांना जमलं नाही. तो चौकीच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथूनच मागं फिरला. वर्दी द्यायची राहिली ती राहिलीच.

थळच्या अलीकडं, माडांच्या राईत कोळ्यांची थोडी घरं होती. तिथला हिरामण नाखवा भागोजीच्या जुन्या ओळखीचा. पावसाळ्यात होडी आत ओढून ठेवायला त्यानं झावळ्यांची लांबडी खोपी बांधली होती. हंगामात होड्या समुद्रावर असायच्या, तेव्हा खोपी रिकामी. हिरामण म्हणाला, "आण की भागूदादा. माझी होडी काय आत्ता येनार न्हाय."

भागोजीनं गाडी खोपीत ठेवली, वर जुनं शीड पांघरलं आणि तो एसटीनं घरी आला. दर रविवारी सकाळी तो जायचा, गाडी पुसायचा, थोडा वेळ इंजिन चालू करून बंद करायचा, हिरामणच्या घरी चहा घेऊन परतायचा. गाडी डोळ्यांआड गेली तरी जप्तीची भीती गेली, असं त्याला वाटू लागलं.

एका रविवारी तो गाडीत बसला आणि सवयीनं वर आरशात पाहिलं. आरशात मागची काच दिसायला हवी होती. दिसला गाडीचा टप.

भागोजी ठेंगणा होता. आरसा त्यानं आपल्या डोळ्यांना लावलेला, वर्षानुवर्षं हात न लावलेला. तो कुणीतरी उंच माणसानं आपल्यासाठी फिरवला होता. भागोजीनं खाली पाहिलं तर सीटही मागं सरकवलेली. त्याचे पाय पॅडलला धड पोचत नव्हते.

तो हळूच खाली उतरला. पेट्रोल मोजायची बांबूची काडी त्यानं टाकीत सोडली. मागच्या रविवारी काडी चार बोटं ओली झाली होती. आज वीतभर ओली निघाली.

चोरानं पेट्रोल नेलं असतं तर भागोजी चिडला असता, ओरडला असता. ते वाढलेलं बघून मात्र त्यानं काडी पुसली आणि पुन्हा टाकीत सोडली. गाडी नेणारा माणूस ती परत आणून ठेवत होता, शीड नीट पांघरत होता, आणि पुढच्या खेपेसाठी टाकी भरत होता. तो चोरी करत नव्हता, वापर करत होता. चाकांच्या खाचांत वाळू होती, लाल मातीही होती. बोनेटवर हात ठेवला तर अजून कोमट लागलं.

हिरामण अंगणात जाळं विणत बसला होता. भागोजीनं विचारलं, "नाखवा, गाडी कोन नेतंय?"

हिरामणचे हात थांबले नाहीत, पण जाळ्याची गाठ चुकली. ती त्यानं सोडवली, पुन्हा घातली, पुन्हा चुकली.

"भागूदादा," तो खाली बघतच म्हणाला, "माझी दोनी पोरं दर्यावर जातात. इचारू नको."

"अरे पन माझ्या नावाची गाडी..."

"मी तुझ्या पाया पडतो. इचारू नको."

इतका दांडगा माणूस, वादळात डोलकाठीवर चढणारा, त्याचा आवाज असा बसलेला भागोजीनं कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो चहा न घेताच निघाला.

किनाऱ्यावर काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. अरबस्तानातून गलबतं यायची, लांब समुद्रात उभी राहायची, त्यांच्यावरून सोनं उतरायचं. पुढं ते मुंबईला जायचं. कसं जायचं, ते भागोजीला आता कळलं. त्याच्या गाडीतून जायचं. उद्या कस्टमवाल्यांनी गाडी पकडली तर ड्रायव्हर पळून जाईल, आणि नंबरावरून माणूस शोधला की निघेल भागोजी पडवळ. तो काय सांगणार? गाडी तिथं का ठेवली? नियम होता म्हणून. कुठला नियम? वर्दी दिली होती का? नाही. का नाही? मनातल्या मनात तो फौजदारासमोर उभा राहायचा आणि प्रत्येक उत्तराला आणखी खोल रुतायचा. आपण गुन्हेगार आहोत की नाही, हेच त्याला नक्की कळत नव्हतं, आणि विचारायची सोय नव्हती.

घरी त्यानं काही सांगितलं नाही. पण दारात सायकलची घंटा वाजली तरी त्याच्या हातातला घास खाली पडायचा. एके दुपारी नगरपालिकेचा शिपाई दारात येऊन उभा राहिला. भागोजी मागच्या दारानं परड्यात गेला आणि विहिरीला धरून उभा राहिला. शिपाई पाणीपट्टीचं सांगायला आला होता. मनुबाई परड्यात आली, नवऱ्याकडं नीट बघितलं, पण बोलली नाही. तो आपण होऊन सांगेल, अशी वाट बघायची तिची रीत होती.

गाडी तिथून हलवावी असं ठरवून भागोजी पुढच्या रविवारी खोपीवर गेला. कुठं न्यायची ते ठरत नव्हतं, पण आधी काढायची. त्यानं शीड ओढलं.

ड्रायव्हरच्या सीटवर एक माणूस बसला होता.

उंच, सावळा, पांढरा स्वच्छ लेंगा आणि वर गरम कोट. पायांवर पाय टाकून तो शांत बसला होता, जसा कुणी डॉक्टरकडं नंबर लागायची वाट बघत बसतो. कोटाला अत्तराचा वास येत होता.

"या काका," तो म्हणाला. "गाडी फार छान ठेवलीत. आमच्या माणसांनी बॅटरी बदललीय, रागावू नका."

भागोजी शिडाचं टोक हातात धरून उभा राहिला.

"मला तुकाराम म्हणा. नाव दुसरं आहे, पण हे तुम्हाला सोपं जाईल. बसा ना. तुमचीच गाडी आहे."

भागोजी शेजारच्या सीटवर बसला. दहा वर्षांत त्या बाजूला तो पहिल्यांदाच बसत होता.

"तुम्हाला गाडी ठेवायला जागा नाही," माणूस म्हणाला. "नगरपालिकेनं तुम्हाला बाहेर काढलं. आम्ही जागा दिली, तेल घातलं. हिरामणनं नाही म्हटलं होतं, पण त्याला समजावलं. आता एक काम तुम्ही करायचं. आमचा ड्रायव्हर पोलिसांच्या नजरेत आलाय. बुधवारी सकाळी तुम्ही गाडी चालवायची. मी मागं बसणार. धरमतरपर्यंत सोडायचं, तिथं आमची माणसं आहेत. म्हातारा माणूस, म्हातारी गाडी. कोण अडवणार?"

"मला... मला जमनार न्हाय," भागोजी कसंबसं म्हणाला.

माणसानं मान डोलावली, अगदी समजुतीनं. "भीती वाटते ना? वाटू दे. घाबरलेला ड्रायव्हर सावकाश चालवतो, ते बरं असतं." मग तो उतरला, कपड्यांवरची वाळू झटकली. "मनुबाईंना सांगा बुधवारी डबा करू नका म्हणून. जेवणाच्या आत परत याल."

बायकोचं नाव त्याच्या तोंडून ऐकलं आणि भागोजीला समजलं, की आपण आता नाही म्हणणार नाही.

मंगळवारी दुपारी, भाकरी ताटात तशीच ठेवून, त्यानं मनुबाईला सगळं सांगितलं. सांगताना तो रडला. मनुबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिचाही चेहरा उतरला, पण रडली नाही.

"फौजदाराला सांगूया?" ती म्हणाली.

"वर्दी न्हाय दिलेली. मलाच पयला आत घालतील. आन् हिरामणच्या पोरांचं काय? ती दर्यावर जातात, आन् ही मानसंबी तिथंच हायती."

"मग लेकीकडं जाऊ. आत्ताच्या एसटीनं."

"त्यानं तुझं नाव घेतलं, मनू. लेकीचं ठाव नसंल का त्याला?"

मग ती उठली आणि ताटातली भाकरी त्याच्या पुढ्यात सरकवत म्हणाली, "मला काय कळत न्हाय. पन एक करा. एकटं पडू नका. जिथं मानसं आसतील तिथं ऱ्हावा. चार लोकांत कुनी काय करत न्हाय."

भागोजीनं भाकरी मोडली. ते त्याला बायकी समाधान वाटलं.

बुधवारी उन्हं वर आल्यावर ऑस्टिन खोपीतून बाहेर पडली. माणूस मागच्या सीटवर बसला होता. सीटच्या खाली, गोणपाटात शिवलेलं एक लहानसं गाठोडं होतं. आकारानं पायलीच्या मापाएवढं, पण ते ठेवताना त्या धिप्पाड माणसानंही दोन्ही हात लावले होते. हिरामण घराच्या दारात उभा होता. भागोजीनं त्याच्याकडं पाहिलं, त्यानं मान फिरवली.

रस्ता कच्चा, दोन्ही बाजूंना भात कापून झालेली खाचरं. भागोजीचे हात स्टिअरिंगवर चिकटल्यासारखे झाले होते. मागून अत्तराचा वास येत होता आणि मधूनच शांत आवाज, "छान. असंच. घाई नाही." एकदा समोरून पोलिसांची गाडी आल्यासारखी वाटली, ती दुधाची गाडी निघाली. तेवढ्यात मागच्या माणसाचा हात पुढं येऊन भागोजीच्या मानेवर टेकला होता. हात गरम आणि कोरडा होता. दुधाची गाडी गेल्यावर तो मागं गेला.

खारपेठेच्या अलीकडं फाटा होता. उजवीकडं धरमतरचा रस्ता, डावीकडं गाव. फाट्यावरून बुधवारच्या बाजाराला निघालेली माणसं दिसत होती. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, कोंबड्या उलट्या टांगून नेणारा एक म्हातारा, बैलगाड्या.

"उजवीकडं," मागून आवाज आला.

भागोजीनं गाडी डावीकडं वळवली.

आपण हे ठरवलं होतं, असं तो पुढं कधीच म्हणाला नाही. उजवीकडचा रस्ता ओसाड दिसला, डावीकडं माणसं दिसली, आणि हात वळले, एवढंच त्याला आठवत होतं.

"काका. चुकलात. मागं घ्या."

"जागा न्हाय वळायला," भागोजी म्हणाला. खरंच नव्हती, मागं बैलगाडी लागली होती.

"मग बाजारातून पलीकडं काढा. थांबू नका." पुन्हा तो हात मानेवर आला. या वेळी हातात काहीतरी गार, टोकदार होतं.

भागोजीला पुढचं नीट दिसेना. डोळ्यांत पाणी आलं होतं की घाम, कोण जाणे. सुकटीवाल्या बायका, बोंबील, मिठाचे ढीग, बांगड्यांचं दुकान. गर्दी बाजूला होत होती, "डायवरमामा आले, डायवरमामा आले" म्हणत होती. नगरपालिकेच्या कचेरीसमोर, जिथं गाडी उभी करू नये असा पत्र्याचा फलक लावला होता तिथं, भागोजीनं क्लच दाबला, ब्रेकवर सगळं अंग टाकलं आणि इंजिन बंद केलं.

मानेवरचं टोक किंचित आत गेलं. मग एकदम निघालं, कारण काचेशी चार तोंडं येऊन बघू लागली होती.

"काय झालं मामा? बंद पडली?"

मागच्या माणसानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. आवाज हसरा, घरगुती. "बंद पडली हो. जरा धक्का देता का? पलीकडच्या उतारापर्यंत."

लोक भले. नको तेव्हा भले. दहा-बारा जण टोपल्या खाली ठेवून मागं लागले आणि "हुप्पा" करून ढकलू लागले. भागोजी ब्रेकवर उभा राहिल्यासारखा पाय रोवून बसला. हातब्रेकही त्यानं ओढून धरला. गाडी कुरकुरली, तसूभर सरकली, थांबली. "काय जड झालीय हो गाडी!" कुणीतरी म्हणालं. पाय थरथरायला लागला. आणखी थोडा वेळ ढकललं असतं तर तो सुटला असता.

तेवढ्यात गर्दी फोडून दयाराम मुकादम आला. नगरपालिकेचा मुकादम, काठी हातात, अंगात खाकी कोट.

"कोन हाय ते? पडवळ? आवो, दवंडी ऐकली न्हाय का? ह्या फलकाखालीच उभी केलीत? गावातला एक मोटारवाला, त्यालाच नियम न्हाय?"

ज्या खाकी कोटापासून भागोजी आजवर पळत आला होता, त्या कोटाची बाही त्यानं खिडकीतून हात घालून धरली.

"मुकादम," तो म्हणाला, "जप्त करा. आत्ताच्या आत्ता करा. कोंडवाड्यात न्या."

दयाराम चक्रावला. त्याला वाटलं म्हातारा हुज्जत घालतोय. "मला शिकवता? थांबा. काढा रे चाकातली हवा!"

दोन माणसं वाकली. पुढच्या चाकाची हवा फुसफुसत सुटली, मग मागच्याची. ऑस्टिन एका अंगाला कलली. भागोजीनं ब्रेकवरचा पाय काढला.

मागचं दार उघडलं. उंच माणूस उतरला, कोट नीट केला. गाठोड्याकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही. खिडकीशी वाकून, जसा कुणी सोयरा निरोप घेतो तसा, भागोजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भेटू, काका."

आणि बाजारात गेला. त्याचं डोकं गर्दीच्या वर थोडा वेळ दिसत होतं. मग दिसेनासं झालं.

बैल लावून गाडी कोंडवाड्यात नेली. दयारामनं फाटकाला कुलूप घातलं. मग भागोजीनं त्याला सीटखाली काय आहे ते सांगितलं, आणि सांगता सांगता तो म्हशींच्या शेणातच खाली बसला.

गाठोड्यात सोन्याची बिस्किटं निघाली. फौजदारानं भागोजीला दोन दिवस कोठडीत ठेवलं. तो जन्मभर ज्या प्रश्नांना भ्याला होता, ते सगळे त्याला विचारले गेले. गाडी कुठं होती? वर्दी का नाही? हद्दीबाहेर कुणाच्या जागेत? शेवटच्या प्रश्नाला त्यानं उत्तर दिलं, की किनाऱ्यावर एक बेवारस खोपी दिसली, कुणाला न विचारता गाडी ठेवली. फौजदारानं टेबलावर रूळ आपटला, दरडावलं, मानेवरच्या जखमेकडं बोट दाखवून म्हणाला, "ज्यानं हे केलं त्याला वाचवतोस?" पण हिरामणचं नाव भागोजीनं घेतलं नाही. तेवढंच एक नाव त्याच्या हातात होतं, आणि ते त्यानं धरून ठेवलं. शेवटी त्याला साक्षीदार करून सोडलं. उंच माणूस सापडला नाही.

गाडीचं मात्र भिजत घोंगडं पडलं. पोलिसांच्या मते ती मुद्देमाल होती, सबब चौकीच्या आवारात हवी. नगरपालिकेच्या मते ती तिनं आधी जप्त केली होती, आणि तिचा दंड चुकता झाल्याखेरीज कोंडवाड्यातून हलवता येत नव्हती. चौकीच्या आवारात पेंढ्याची पागा होती, म्हणून आगीचा नियम आडवा आला. टिपणीसानं वर पत्र लिहिलं. वरून उलटा प्रश्न आला. त्यात एक पावसाळा गेला, दुसरा आला. म्हशी गाडीला अंग घासायच्या. टप फाटला, आतल्या गाद्यांवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. भागोजी कधी बघायला गेला नाही. लोकांना वाटायचं, त्याला बघवत नाही. खरं म्हणजे तिथं रस्त्यावर फार उघडं होतं, कुणीही कुठूनही बघू शकलं असतं.

साठ साली निकाल लागला. गाडी मालकाला परत, आणि मालकानं ती ताबडतोब न्यावी, नाहीतर रोजचा दंड. भागोजी हुकूम ऐकून घरी आला आणि भिंतीला टेकून बसला.

"कुठं नेऊ?" तो म्हणाला. "रस्त्यावर न्हाय, परड्यात न्हाय, हद्दीभायेर तर..." पुढं बोलवेना.

मनुबाईनं टिपणीसाकडं जाऊन एकच विचारलं, "दादा, घरात ठिवलेल्या वस्तूला काय नियम हाय का?" टिपणीसानं पुष्कळ शोधलं. शेडला नियम होता, आवाराला होता, रस्त्याला होता. चार भिंतींच्या आत, कौलांखाली, टाकी रिकामी करून ठेवलेल्या मोटारीला कुठलाच नियम त्याला सापडला नाही. तिनं गवंडी बोलावला आणि ओटीची पुढली भिंत पाडली. ऑस्टिन आत ढकलली, भिंत परत बांधली. निम्मी ओटी गाडीनं खाल्ली. पाहुणे आले की उरलेल्या जागेत पाय आखडून बसायचे. मडगार्डवर मनुबाई पापड वाळत घालू लागली.

भागोजी पुन्हा रोज गाडी पुसू लागला. आरसा काढून टाकला.

पुढं दोनेक वर्षांनी मुंबईचा एक इंजिनियर अलिबागला सुटीला आला होता. जुन्या गाड्यांचा त्याला नाद. ओटीवर मोटार ठेवलेल्या घराची गोष्ट त्याच्या कानावर गेली म्हणून चौकशी करत खारपेठेला आला. दारात उभा राहिला तर चौकटीत डोकं वाकवावं लागलं, एवढा उंच.

"भागोजी पडवळ इथंच राहतात का?"

"ऱ्हातात. पन घरात न्हायती," मनुबाई म्हणाली. ती दारातून बाजूला सरली नाही.

"गाडी बघता येईल का? विकत नाही मागत. नुसती बघायची आहे."

"ते आल्याबिगर न्हाय दाखवत."

इंजिनियर हिरमुसला. दोन शब्द बोलून, नमस्कार करून तो गेला. साधा, सज्जन माणूस होता. बोळाच्या टोकाशी त्याची बायको आणि लहान मुलगी थांबली होती. मनुबाईनं त्यांना एसटीच्या थांब्याकडं जाताना पाहिलं, मग आत आली.

"गेला," ती म्हणाली. "तो न्हवता. बायकापोरं हायती संगं. दुसराच कुनी."

भिंत आणि गाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत भागोजी उकिडवा बसला होता. एका हातानं त्यानं मागचं चाक घट्ट धरलं होतं. त्यानं मान हलवली, पण उठला नाही.

मनुबाईनं त्याला पुन्हा सांगितलं नाही. तिनं चहा केला आणि कप तिथंच, गाडीच्या मागं, नेऊन दिला.